आत्यानं चोराचा चेहरा खरंच पाहिलाय की व्हिडिओत पाहिलाय? ओळख परेडीच्या आधी सल्ला पाहिजे

जुळेकर:

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी झालीय, पण पूर्ण वाचून मगच बोला.

मागच्या महिन्यात सकाळी फिरायला गेली असताना आत्याच्या गळ्यातलं गंठण तोडलं, जुळे सोलापुरात, आमच्या कॉलनीच्या मागच्या रस्त्याला. बाईकवर दोघं होते, मागच्यानं चाकू दाखवला, गंठण ओढलं आणि विजापूर रोडच्या दिशेनं पळाले. आत्याबरोबर मामा (म्हणजे आत्याचे मिस्टर) होते आणि समोरच्या बंगल्यातले एक रिटायर्ड सर गॅलरीत चहा पीत बसले होते. म्हणजे बघणारे तिघं. आणि तिघांचं तीन तऱ्हेचं. मामा म्हणतात बाईक लाल, आत्या म्हणते काळी, सर म्हणतात बाईक नव्हतीच, स्कूटर होती. मामांच्या मते हे सगळं "चांगलं दोन मिनिटं" चाललं होतं, सर म्हणतात मी कप खाली ठेवेपर्यंत खेळ खलास.

आता खरा प्रॉब्लेम. पहिल्या दिवशी आत्या आम्हाला सांगत होती की चेहरा नीट दिसलाच नाही, चाकूच डोळ्यासमोर होता, पिवळ्या मुठीचा, त्याला कायतर दोरा गुंडाळलेला. मग दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीची क्लिप कॉलनीच्या ग्रुपवर आली, एकदम धूसर, आणि कुणीतरी हौशीनं एका पोराभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं "हाच तो". त्यानंतर आत्याचं सगळं बदललं. आता म्हणते दाढी होती, डावी भुवई तुटकी होती, हजारात ओळखीन. येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारतो आणि ती प्रत्येकाला सांगते, आणि दर वेळेला थोडं अजून पक्कं होतं.

पोलिसांनी दोन पोरं पकडलीत आणि पुढच्या आठवड्यात ओळख परेडीला बोलावलंय. आत्या खोटं बोलणाऱ्यातली बाई नाही हो, देवाशपथ. पण मला रात्री झोप नाही की उद्या हिनं बोट दाखवलं आणि ते पोरगं भलतंच निघालं तर? असं होतं का खरंच? कुणाला यातलं नीट माहिती असेल तर सांगा.


शेंगाचटणी_फॅन:

काय डोकं फिरलालंय का बे तुझं? जिच्या गळ्यात हात घातला तिला चेहरा आठवणार नाही तर काय गॅलरीतल्या मास्तरला आठवणार? आमच्या आजीला लग्नात कुणी किती आहेर केला ते आज पण तोंडपाठ आहे. बाईमाणूस सोन्यावर हात घातलेला विसरत नसती. आणि भीती वाटली की उलट सगळं डोक्यात छापलं जातं, हे सगळ्यांनाच माहितीय. बिनधास्त जाऊ दे आत्याला, त्या पोरांना आत टाकू दे.


मानसशास्त्र_मास्तरीण:

जुळेकर, तुमची शंका शंभर टक्के रास्त आहे. मी कॉलेजात हाच विषय शिकवते त्यामुळे लांब लिहीन, सहन करा.

आधी शेंगाचटणींचं. आहेराची यादी आजीनं आयुष्यभर पन्नास वेळा सांगितली असणार, ती आठवण वेगळी. इथं काही सेकंदांचा मामला आहे आणि त्यात चाकू आहे. भीतीनं "छापलं" जातं हे अर्धंच खरं, जे छापलं जातं ते बहुतेक वेळा चाकूच असतं. १९८७ साली एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोकांना स्लाइड दाखवल्या, हॉटेलात एक गिऱ्हाईक कॅशियरसमोर काहीतरी धरतो, एका गटाला त्याच्या हातात पिस्तूल, दुसऱ्या गटाला चेक, बाकी सगळं सेम. नजर कुठं जाते ते मोजलं तर पिस्तूलवाल्या गटाची नजर पिस्तुलावरच जास्त वेळा आणि जास्त वेळ जात होती, आणि त्या माणसाला नंतर ओळखण्यात तो गट कमी पडला. आता आत्याबाईंचं पहिल्या दिवशीचं वाक्य परत वाचा. पिवळी मूठ, गुंडाळलेला दोरा, इतकं बारीक आठवतं आणि चेहरा नाही. मला विचाराल तर आत्याबाईंची सगळ्यात भरवशाची साक्ष तीच आहे, पहिल्या दिवसाची.

कारण जे डोळ्यानं नीट टिपलंच नाही ते नंतर कितीही ताण दिला तरी आतून येणार कुठून? येतं ते बाहेरून. आपला मेंदू आठवण एका जागी जशीच्या तशी ठेवून काढून देत नाही, दर वेळी सांगताना ती नव्यानं जुळवतो आणि जिथं भोक असेल तिथं जे हाताला लागेल ते लावतो. वाकळ शिवताना जशी कुठल्या लुगड्याची चिंधी कुठं लागली ते नंतर शिवणारीलाही सांगता येत नाही, तसं. आत्याबाईंना दाढी "आठवते" हे खरंच, त्या खोटं बोलत नाहीयेत, फक्त ती दाढी रस्त्यावरची की मोबाइलमधली हे त्यांच्या डोक्याला आता वेगळं करता येत नाही. हे म्हातारपणाचं लक्षण नाही बरं का, विशीतल्या पोरांचंही हेच होतं.

आणि यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग विशीतल्या पोरांवरच झालाय. १९७४, लॉफ्टस आणि पामर. ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं गाड्या किती स्पीडनं होत्या. फक्त प्रश्नातलं क्रियापद बदललं. कुणाला "एकमेकींना लागल्या तेव्हा", कुणाला "धडकल्या तेव्हा", कुणाला "एकमेकींवर जोरात आदळून चुराडा झाला तेव्हा". सगळ्यात सौम्य शब्दाला सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल, सगळ्यात जोरदार शब्दाला ४० च्या वर. फिल्म त्याच! मग दुसऱ्या वेळी १५० जण घेतले, आणि आठवड्यानं परत बोलवून विचारलं की फुटलेली काच दिसली होती का. काच फिल्ममधे नव्हतीच. जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण म्हणाले हो दिसली, साध्या शब्दाच्या ५० पैकी ७, आणि ज्यांना स्पीडचं काही विचारलंच नव्हतं त्यातले ६. एका शब्दानं ही गत, मग तुमच्या ग्रुपवरच्या लाल गोलानं काय केलं असेल विचार करा.


होटगी_रोडचा:

मॅडम हे वाचून किल्लारीचा भूकंप आठवला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आत, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, मिरवणुकीतून येऊन लोक नुकते आडवे झालेले. सोलापुरात चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, कुठं झोपला होता, भांडी कशी पडली, कोण आधी ओरडलं, सगळं असं सांगतील की जणू काल झालं. आता आमच्या घरातली गंमत ऐका. मी म्हणतो वडिलांनी आम्हाला उठवलं, भाऊ म्हणतो आईनं उठवलं, यावरून दर दिवाळीला भांडण. ते एक असो. पण आमचा चुलतभाऊ त्या वर्षी शिकायला पुण्याला होता, गणपतीला आलाच नव्हता, हे काकूंना पक्कं माहितीय, तरी तो पण सांगतो की मी अंगणात कसा पळालो आणि दाराची कडी कशी अडकली!! आणि थापा मारत नाही तो, अगदी डोळ्यात पाणी आणून सांगतो. हे काय प्रकरण आहे?


मानसशास्त्र_मास्तरीण:

होटगी रोड, हे तर पुस्तकात घालण्यासारखं उदाहरण. धक्कादायक बातमी ऐकली तो क्षण लख्ख आठवतो असं आपल्याला वाटतं, १९७७ मधे ब्राऊन आणि कुलिक यांनी याला "फ्लॅशबल्ब" आठवण असं नाव दिलं. पुढं नाइसर आणि हार्श यांनी ते तपासलं. जानेवारी १९८६ मधे अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्या उडाल्या फुटलं, त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की तुम्हाला बातमी कुठं कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना परत तेच विचारलं. चौथा हिस्सा लोकांचं एकही मुख्य उत्तर जुळेना आणि तरी खात्री मात्र दांडगी. त्यांना त्यांच्याच अक्षरातला कागद दाखवला तरी जुनी आठवण काही परत आली नाही.

चुलतभावाचं म्हणाल तर घरच्यांनी वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट आपली होऊन जाते. लॉफ्टस आणि पिकरेल यांनी १९९५ मधे २४ जणांना घरच्यांच्या मदतीनं लहानपणीचे खरे प्रसंग सांगितले आणि त्यात एक बनावट घुसवला, की तू लहानपणी मॉलमधे हरवला होतास. साधारण पाव लोकांना ते थोडं किंवा पूर्ण "आठवलं". त्यामुळे भावाला हसू नका.


शेंगाचटणी_फॅन:

मॅडम मानलं तुम्हाला, पण मग एक सांगा. असं बघितलं तर कुठलाच साक्षीदार कामाचा नाही, मग चोरांना सोडूनच द्यायचं का? वकील लोक हेच वाचून आरोपी सोडवत असतील. प्रयोगशाळेत पोरांना फिल्म दाखवणं वेगळं आणि खरोखर गळ्याला चाकू लागणं वेगळं.


मानसशास्त्र_मास्तरीण:

हा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे, उगाच उडवून लावण्यासारखा नाही. १९८६ मधे यूल आणि कटशॉल यांनी कॅनडातली एक खरी घटना घेतली, बंदुकीच्या दुकानाबाहेर भर दिवसा गोळीबार, दरोडेखोर ठार. २१ साक्षीदारांपैकी १३ जण चार-पाच महिन्यांनी परत बोलायला तयार झाले, आणि त्यांचं बऱ्यापैकी बरोबर निघालं, मुद्दाम घातलेल्या फसव्या प्रश्नांनाही ते फारसे भुलले नाहीत. म्हणजे आठवण सरसकट कचरा आहे असं मी म्हणतच नाहीये. कधी टिकते आणि कधी बिघडते ते बघावं लागतं. चांगल्या उजेडात, पुरेसा वेळ, जवळून पाहिलं असेल आणि पहिला जबाब कुणाशी बोलायच्या आधी झाला असेल तर ती साक्ष मोलाची. आत्याबाईंच्या बाबतीत यातलं काय काय आहे ते जुळेकरांनीच ठरवावं.

आणि तिघं साक्षीदार आता एकमेकांशी बोलतात का हे फार महत्त्वाचं. गॅबर्ट वगैरेंनी २००३ मधे जोड्या केल्या, दोघांना एकच प्रसंग पण वेगवेगळ्या कोनातून घेतलेला दाखवला, दोघांना वाटतंय आपण एकच पाहिलं. मग आपसात गप्पा मारू दिल्या. गप्पा मारलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी नंतर स्वतः न पाहिलेली, जोडीदाराकडून ऐकलेली गोष्ट आपली म्हणून सांगितली. आपल्याकडं तर घटना घडली की पहिलं काम कट्ट्यावर चर्चा.

"हजारात ओळखीन" यावर पण बोलते. खात्री ही फुगणारी गोष्ट आहे. वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मधे लोकांना फोटोंतून गुन्हेगार निवडायला लावला, खरा माणूस त्या फोटोंत नव्हताच, म्हणजे जो निवडला तो चुकीचाच. तरी ज्यांना नुसतं "छान, बरोबर ओळखलंत" असं सांगितलं ते म्हणायला लागले की आम्हाला सुरुवातीपासून खात्री होती, चेहरा स्पष्ट दिसला होता, नीट लक्ष होतं. बघा, मागची आठवण पण बदलली! पहिल्यांदा ओळखतानाची खात्री मात्र, ती परेड नीट घेतलेली असेल तर, बरंच काही सांगते असं अलीकडचं संशोधन म्हणतं.

अमेरिकेत जेनिफर थॉम्पसनची केस आहे, १९८४ ची. अत्याचार होत असताना ती मुद्दाम चेहरा लक्षात ठेवत होती, याला सोडायचं नाही म्हणून. फोटोंतून तिनं रोनाल्ड कॉटनला निवडलं, मग प्रत्यक्ष रांगेतही त्यालाच, आणि दोन्ही ठिकाणी असलेला तो एकटाच होता. तुरुंगात गेला. दुसऱ्यांदा खटला चालला तेव्हा खरा गुन्हेगार बॉबी पूल तिच्यासमोर आणला तर म्हणाली याला मी कधी पाहिलंच नाही. १९९५ मधे डीएनएनं कॉटन सुटला, दहा वर्षांवर आयुष्य गेलं त्याचं. तिथं डीएनएनं निर्दोष ठरलेल्या केसेस मोजल्या तर दोन तृतीयांशाहून जास्त ठिकाणी चुकीची ओळख हे एक कारण निघतं.


काळा_कोट_सोलापूर:

कोर्टातून आत्ता आलो, सगळं वाचलं. मॅडमनी शास्त्र सांगितलं, मी व्यवहार सांगतो.

आपल्या कोर्टांना हे माहीत नाही असं समजू नका. १९८३ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात सरकार, प्रत्येक ज्युनिअर वकिलाच्या तोंडी असतो. त्यात कोर्टानं साफ म्हटलंय की साक्षीदाराकडून फोटोसारख्या स्मृतीची अपेक्षा धरू नका, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप परत लावल्यासारखं ते नसतं, वेळेचा तर माणूस अंदाजच करतो, आणि पटापट घडलेल्या गोष्टींचा क्रम सांगताना गोंधळतो. म्हणून मामांचे दोन मिनिटं आणि सरांचा चहाचा कप याची काळजी करू नका. बारीकसारीक विसंगतीवर केस पडत नाही, उलट तिघांचं शब्दाला शब्द जुळलं तर पढवून आणलंय म्हणून उलटतपासात जास्त सोलतात. (तो निकाल माझ्या मते बरेच वकील अर्धाच वाचतात, कारण त्याचा उपयोग फिर्यादी पक्षाला होतो तसा ओळखीच्या मुद्द्यावर बचावाला पण करता येतो. असो, तो वेगळा धागा होईल.)

आता ओळख परेड. ती पोलीस घेत नाहीत, दंडाधिकारी घेतात, आपल्याकडं बहुतेक वेळा नायब तहसीलदार किंवा तहसीलदार साहेब, आणि आरोपी न्यायालयीन कोठडीत असेल तर कारागृहात. आरोपीसारखीच चण, वय, रंग असलेली इतर माणसं रांगेत उभी करतात, आरोपीला पाहिजे ती जागा घेता येते, कपडे बदलता येतात. साक्षीदारांना वेगळ्या खोलीत बसवून एकेकाला आत नेतात आणि बघून आलेल्याला बाकीच्यांत मिसळू देत नाहीत. पोलिसांनी त्या वेळी तिथं थांबायचं नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परेडीच्या आधी साक्षीदाराला आरोपी किंवा त्याचा फोटो दिसला असेल तर त्या परेडीचं वजन कोर्टात एकदम घसरतं. तुमच्या ग्रुपवरच्या त्या लाल गोलवाल्या भाऊंनी कुणाचं भलं केलं असेल तर ते आरोपीच्या वकिलाचं, एवढंच सांगतो.

परेड हा स्वतंत्र ठोस पुरावा पण नाही. ठोस पुरावा म्हणजे कोर्टात उभं राहून शपथेवर केलेली ओळख, परेड तिला फक्त पाठबळ देते. नवीन कायदे १ जुलै २०२४ पासून आले, पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण ही चौकट तीच राहिली. कोर्टात सरकारी वकिलाला सरतपासात (म्हणजे आपल्याच साक्षीदाराला आधी प्रश्न विचारतात तेव्हा) आत्याबाईंना "हाच तो ना?" असं सूचक विचारता येत नाही, कोर्टाच्या परवानगीशिवाय. उलटतपासात मात्र विचारता येतं आणि विचारतातच. पोलीस ठाण्यात जबाब घेताना मात्र "दाढी होती का हो?" असं सर्रास विचारलं जातं, आणि तिथंच मॅडम म्हणतात ती चिंधी लागते.


जुळेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेंगाचटणी तू पण बे. 😄 एक अडचण सांगतो, आत्या ऐकायला तयार नाही. तिला वाटतं मी तिला खोटी म्हणतोय, काल जेवली पण नाही रागानं. आणि तिला भीती आहे की आता "ओळखता येत नाही" म्हटलं तर पोलीस म्हणतील साक्षीदार फितूर झाला. आता नक्की करायचं काय?


मानसशास्त्र_मास्तरीण:

त्यांना "तुमचं चुकतंय" असं म्हणूच नका, शास्त्र पण सांगू नका. एखाद्या दिवशी निवांत बसवा, आणि सकाळी घरातून निघाल्यापासून काय काय झालं ते त्यांच्या पद्धतीनं सांगू द्या, हवा कशी होती, कुठल्या घरासमोर आवाज आला, मनात काय चाललं होतं. मधे तोडू नका, "मग दाढी?" असं काही सुचवू नका. माहीत नसेल तिथं "माहीत नाही" म्हणायला पूर्ण मोकळीक. ही मी काही मनची सांगत नाहीये, गायझलमन आणि फिशर यांनी १९८० च्या दशकात पोलिसांसाठी मुलाखतीची जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच आहे, प्रसंगाची जागा-वेळ-मनःस्थिती मनात परत उभी करायची आणि क्षुल्लक वाटलं तरी सगळं सांगू द्यायचं. झाल्यावर फक्त एकच विचारा, यातलं ग्रुपवर क्लिप यायच्या आधी तुम्ही आम्हाला काय काय सांगितलं होतं? त्यांच्या त्यांना कळेल किंवा नाही कळणार, पण राग तरी येणार नाही. चाललेल्या खटल्यातली साक्ष घरी बसून सुधारायला मात्र जाऊ नका, तो तुमचा हेतू नसला तरी तसं होतं. आणि क्लिप डिलीट करा, मामांच्या मोबाइलमधली पण. सर आणि मामा यांचं आपसातलं "बाईक की स्कूटर" पण बंद.


काळा_कोट_सोलापूर:

मॅडमच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. आत्याबाईंना काय बोलायचं ते कुणीही पढवू नका, तुम्ही पण नाही आणि मी पण नाही.

फितूरचं म्हणाल तर परेडीत "यात कुणी ओळखू येत नाही" म्हणणं म्हणजे फितुरी नव्हे, दंडाधिकारी तसंच नोंदवतात. मुद्दाम जबाब फिरवणं वेगळं. क्लिप पाहिल्याचं लपवू नका, तपासी अंमलदाराला आत्ताच सांगा आणि परेडीच्या वेळी दंडाधिकाऱ्यांनी विचारलं तर तिथंही सरळ सांगायचं, मोबाइलवर पाहिलंय म्हणून. नंतर उलटतपासात निघण्यापेक्षा आधी निघालेलं कधीही बरं. ती क्लिप आणि ग्रुपवर कधी आली तो दिवस-वेळ याचा स्क्रीनशॉट काढून तपासी अंमलदाराकडं द्या, आणि मगच डिलीट करा, मॅडम सॉरी, पण हा क्रम पाळा. फिर्यादीत पहिल्या दिवशी चेहऱ्याचं काय लिहिलंय ते पण बघून घ्या, फिर्यादीची प्रत आत्याबाईंना फुकट मिळाली असणार, तो त्यांचा हक्कच आहे.

आणि केस नुसती चेहऱ्यावर उभी नसते. गंठण सापडलं का, कुठल्या सराफाकडं मोडलं, पंचनाम्यात काय जप्त झालं, तो पिवळ्या मुठीचा चाकू मिळाला का, मोबाइलचं लोकेशन, बाईकचा नंबर, यावर केस जास्त टिकते. चाकू जप्त झाला असेल तर त्याची ओळख आत्याबाई पटवू शकतील, तिथं त्यांची आठवण कामाची आहे. परेडीला जाताना समन्स किंवा नोटीस आणि ओळखपत्र बरोबर न्या, मोबाइल गेटवरच ठेवायला लावतात. मामांना आणि सरांना पण बोलावलं असेल तर एकाच रिक्षातून जाऊ नका.